लिंबू धरणारीचा शब्द

१७ मार्च १९५९, मंगळवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी बातमी कळल्यावर लगेच वहीच्या समासात लिहिली, कारण वेळ नोंदवल्याशिवाय कोणतीही घटना मला पुरती घडल्यासारखी वाटत नाही. बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेच्या तयारीसाठी मी पनवेलला घरी आले होते आणि ओट्यावर सेंद्रिय रसायनशास्त्राच्या टिपणांची उजळणी करत होते. यमुनाचा थोरला भाऊ नामदेव बेलपाड्याहून सायकलने आला. त्याने सायकल कुंपणाला टेकवली, पण पायरी चढला नाही. "ताय, यमी गेली," एवढेच तो म्हणाला. मी विचारले, "कुठे?" हा प्रश्न निर्बुद्ध होता. मग त्याने जे सांगितले ते असे: मिठागरात अनवाणी काम करताना कालवाच्या शिंपेची धार तिच्या टाचेला लागली, घरच्यांनी हळद-चुना दाबला, नवव्या दिवशी धनुर्वात झाला. "चार दिस दातखिळी व्हती. काय तरी सांगाचं व्हतं तिला, पन तोंड उघडं व्हईना..." तो गेला, आणि मी पुढची दहा मिनिटे टिपणाचे तेच पान वाचत होते, हेही मला आठवते.

वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या अशा लेखांत गेलेल्या माणसाचे गुण सांगायचे असतात. यमुनाचे गुण मी सांगणार आहे. ते माझ्याइतके काटेकोरपणे दुसरे कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही, कारण चार वर्षे मी ते मोजत होते. मात्र प्रेमाने मोजत नव्हते. मला तिचा मत्सर वाटत होता, आणि मत्सराइतके बारीक निरीक्षण प्रेमाला जमत नाही, निदान मला तरी जमलेले नाही.

आम्ही दोघी १९५३ साली एकाच आठवड्यात आबांच्या आखाड्यात दाखल झालो. आबा म्हणजे आमचे वस्ताद. बैलगाडीची चाके घडवणे हा त्यांचा धंदा, आणि लाठी, बोथाटी, दांडपट्टा हे त्यांना त्यांच्या वस्तादांकडून मिळालेले. मुलींचा वर्ग रविवारी सकाळी आणि सुट्ट्यांत रोज भरत असे. आम्ही दोघीही पंधरा वर्षांच्या. माझे वडील शाळेत विज्ञान शिकवत, त्यांनी मुलगी धीट व्हावी म्हणून मला घातले. यमुना सातवी पास झालेली, आगऱ्याची, मिठागरात काम करणाऱ्या घरातली. बेलपाड्याहून ती दीड तास चालत येई आणि दीड तास चालत परत जाई. पहिल्या दिवशी आईने तिला आमच्या ओट्यावर बसवून चहा दिला, आणि ती गेल्यावर म्हणाली, "हात बघितलेस का पोरीचे? तुला चार जन्म लागतील." आई हे हसत म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेले नाही.

दांडपट्टा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोपरापर्यंत हात झाकणारी लोखंडी मूठ आणि तिच्यापुढे माणसाच्या छातीपर्यंत उंच असे लवचीक, दुधारी पाते. ते सतत फिरते ठेवायचे, थांबले तर ते पात्याच्या वजनाने तुम्हालाच ओढते. एका मिनिटात किती फेरे होतात हे मी वडिलांच्या सेकंदकाट्याच्या घड्याळावर मोजू लागले. आधी स्वतःचे, मग सगळ्यांचे, आणि वर्षभरात बाकीच्यांचे मोजण्यात मला रस उरला नाही, फक्त माझे आणि यमुनाचे. पहिल्या वर्षी मी पुढे होते. दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर ती माझ्या बरोबरीला आली. तिसऱ्या वर्षी माझा आकडा चौऱ्याहत्तरावर येऊन थांबला, आणि पुढे कधीही हलला नाही. तिचा एक्क्याऐंशीपर्यंत गेला.

आकडे पटत नसतील तर ते पटतील अशी रीत शोधता येते, हे मी प्रयोगशाळेत जाण्याआधी आखाड्यात शिकले. प्रथम मी फेऱ्यांना हाताच्या लांबीने भागले, तिचे हात लांब होते. तरी ती पुढेच राहिली. मग सरावाच्या तासांनी भागले आणि तिच्या तासांत तिची येण्याजाण्याची पायपीट धरली, कारण चालणे हादेखील व्यायामच, असा माझा युक्तिवाद होता. त्या हिशेबाने मी जिंकले. मिठागरात लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ती सकाळपासून मीठ ओढते, म्हणून तिच्या खांद्यात जोर आहे, हे कौशल्य नव्हे, असेही मी वहीत लिहून ठेवले होते. ते तिने वाचले. मी पाणी प्यायला गेले असताना वही कट्ट्यावर उघडी होती. परत आले तेव्हा तिने ती मला नीट मिटून दिली आणि म्हणाली, "खांद्याचं बराबर लिवलंस. मनगटाचं लिव्हाचं रायलं." मनगटाचे खरोखरच राहिले होते, ते मी त्याच दिवशी लिहिले. पात्याचे वजन ती खांद्यावर घेतच नसे. फेरा संपण्याच्या क्षणी मनगट सैल सोडून ती पात्याला स्वतःच्या वेगाने वळू देई, आणि म्हणूनच ते तिला हवे तिथे, हवे तेव्हा थांबवता येई. मी चार वर्षांत ते शिकू शकले नाही. ती मला दोनदा शिकवायला आली, दोन्ही वेळा मी म्हटले, "मला जमतंय."

१९५७च्या हनुमान जयंतीला आखाड्याचे जाहीर प्रात्यक्षिक ठरले. त्या वर्षी गावात मुलींची नवी शाळा सुरू व्हायची होती, तिथे व्यायामशिक्षिकेची जागा होती आणि सातवी पास असणे पुरेसे होते. होणाऱ्या मुख्याध्यापिकाबाई प्रात्यक्षिक बघून निवड करणार, असे आबांनी आम्हाला सांगितले. ती जागा मला नको होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि सुट्टीपुरती घरी येई. यमुनाला ती हवी होती, आणि किती हवी होती हे मला नेमके माहीत होते. घरात तिच्या लग्नाचे बोलणे सुरू झाले होते आणि ती भावाला म्हणाली होती की नोकरी लागली तर लग्न थांबव, नाही लागली तरी लग्न नको, जन्मभर तुमच्या मिठागरातच काम करीन. हे तिने मला स्वतः सांगितले होते. मला जागा नको होती. फक्त सगळ्या गावासमोर तिचा हात माझ्या हातापेक्षा वरचढ दिसायला नको होता.

प्रात्यक्षिकाचा शेवट लिंबाने होतो. एकजण तळहातावर लिंबू धरून हात पुढे करते, आणि पट्टेवाली फेरे घेत येऊन लिंबाचे दोन तुकडे करते, तळहाताला स्पर्श न करता. लिंबू कोणी धरायचे हे पट्टेवालीने निवडायचे असते. निवडल्यावर, धरणारी वयाने लहान असली तरी, पट्टेवाली तिच्या पाया पडते. आणि आबांच्या आखाड्याचा एक नियम होता, त्यांच्या वस्तादांपासून चालत आलेला: पात्याला रक्त लागले तर आबा पुढे येऊन लिंबू धरणारीला एकच प्रश्न विचारत. "हात हलला का?" हलला असे ती म्हणाली तर चूक तिची, पट्टेवाली निर्दोष. नाही म्हणाली तर पट्टेवालीने पट्टा मारुतीपुढे ठेवायचा आणि पुन्हा उचलायचा नाही. दुसऱ्या कोणालाही विचारत नसत. पाहणाऱ्याची साक्ष नाही, स्वतः पट्टेवालीलाही बोलण्याची मुभा नाही. हात कोणाचा हलला हे ज्याचा हात त्यालाच ठाऊक, असे आबा म्हणत.

यमुनाने लिंबू धरायला मला निवडले. रंगीत तालमीच्या दिवशी, जयंतीच्या आदल्या सकाळी, ती माझ्या पाया पडली, आणि उठताना म्हणाली, "थरथरू नको हां सुधे, परीक्षा नाय ही." बाकीच्या मुली हसल्या. मी डावा हात पुढे केला.

त्या क्षणाचे विश्लेषण मी इतक्या वेळा केले आहे की त्यात भावना उरली नसावी असे मला वाटे. पाते वर गेले. मी हात वर उचलला, अर्धा इंच. हिसका बसला नाही, मी घाबरले नाही. माझा अंदाज असा होता की लिंबू घरंगळून पडेल, वार फुकट जाईल, आबा तिला उद्याच्या कार्यक्रमातून लिंबू वगळायला सांगतील. तळहात आणि पाते यांच्यातले अंतर लिंबाच्या जाडीएवढेच असते आणि तिचा वार बरोबर ती जाडी संपताच थांबत असे, हे मला चार वर्षांच्या मोजमापानंतर ठाऊक होते. ते मी त्या क्षणी विचारात घेतले नाही, असे म्हणण्याची मला सोय आहे. लिंबू कापले गेले. पाते अंगठ्याच्या खालच्या मांसल भागात शिरले.

रक्त कोपरापर्यंत आले तेव्हा आबा पुढे आले होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"हात हलला का?"

"नाही, आबा."

यमुनाने मुठीतून हात काढला, पाते पुसले आणि पट्टा मारुतीपुढे ठेवला. जाताना माझ्यासमोर थांबून तिने माझ्या हाताला कोणीतरी बांधलेला फडका आणखी घट्ट केला, आणि दीड तासाच्या वाटेला लागली.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याचे प्रात्यक्षिक मी केले. उजव्या हातात पट्टा, डाव्या हाताला पांढरी पट्टी. जखम झालेली मुलगी मैदानात उतरली म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या, वडिलांचे डोळे भरून आले. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारले, "शिकवशील का आमच्या मुलींना?" मी म्हटले, "मला विज्ञानात पुढे जायचं आहे." ती जागा शेवटी बाहेरगावच्या एका बाईंना मिळाली. त्या कवायत घेतात. पट्टा त्यांनी हातात धरलेला नाही.

पुढच्या तेवीस महिन्यांत मला बोलता आले असते. आबांचा नियम कठोर होता, पण त्याला एक उतारा होता. लिंबू धरणारीने आखाड्यात सर्वांसमोर आपला शब्द मागे घेतला तर पट्टा परत मिळे. माझी पहिली सहामाही जखम बरी होण्यात गेली, असे मी स्वतःला सांगितले, वस्तुतः ती पाच आठवड्यांत बरी झाली. नंतर यमुनाने लग्नाला नकार दिल्याचे आणि बोलल्याप्रमाणे मिठागरातच काम करत राहिल्याचे कळले. तेव्हा मी असा विचार केला की तिची घडी आता बसली आहे. एखाद्याची घडी मोडून ती पुन्हा बसली असे ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिला, हा प्रश्न त्या वेळी मला सुचला नाही.

यंदा संक्रांतीला मात्र मी तिळगूळ घेऊन बेलपाड्याला गेले. सांगून टाकायचे असे ठरवूनच गेले होते. यमुना मिठागराच्या बांधावर उभी होती, लुगडे वर खोचलेले, पाय पिंढऱ्यांपर्यंत पांढरे. तिने फावडे खाली ठेवले, तिळगूळ तोंडात टाकला आणि म्हणाली, "गोड बोलाला आलीस का खरं बोलाला?"

मी सांगितले. हात मी उचलला, मुद्दाम उचलला, आणि आबांना खोटे सांगितले. तिने ऐकून घेतले. तिळगूळ चावणे थांबवले नाही.

"मना म्हायती हाय. तू हात उचललास तवाच बघला मी. पट्टा अजून वरच व्हता."

"म्हणजे?"

"म्हंजे थांबवता आला असता. तुला म्हायती हाय ना मना थांबवता येतो कुठं पन. वहीत लिवलाय तू." ती माझ्याकडे सरळ बघत होती. "नाय थांबवला. चार वरसां तू माजे आकडे लिवलेस, सुधे. मना वाटलं एक आकडा मी पन तुज्या हातावर लिवते."

मला त्या क्षणी काय वाटले ते लपवण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखे वाटले. तिची चूक शून्य आणि माझी शंभर, हे समीकरण घेऊन मी आले होते. ते आता अर्धेअर्धे झाले होते, आणि मी मनातल्या मनात त्या निम्म्याला चिकटले. माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असावे, कारण ती हसली, आणि ते हसू मऊ नव्हते.

"झाली ना हलकी? बरा झाला. आता आबांकडं जायाचं. तुजा तू सांग, माजा मी सांगन. मग ठरवू दे आबांना. मना पट्टा पायजे. इथल्या बायकांना शिकवाचा हाय, बांबूच्या कामटीनं किती दिस शिकवू... आबांच्या हातचा पट्टा नाय तवर मी उचलाची नाय, ते मी पन मोडाची नाय. हनुमान जयंतीच्या आधी सांग."

मी शब्द दिला. जानेवारीत प्रात्यक्षिक परीक्षांची तयारी होती. फेब्रुवारीत आबांना ताप आला होता असे ऐकले, मी चौकशी केली नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात घरी आले, आखाड्यावरून तीनदा गेले आणि आत गेले नाही. माझा हिशेब असा होता की दोघीही दोषी असतील तर तिला झालेली शिक्षा पूर्णपणे चुकीची नव्हे, आणि जे पूर्ण चुकीचे नाही ते दुरुस्त करायला परीक्षा संपेपर्यंत थांबता येते. त्याच आठवड्यात तिच्या टाचेला शिंप लागली. शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या पायात चपला असतात.

१९ मार्चला मी आबांच्या कारखान्यात गेले. ते चाकाला लोखंडी धाव चढवत होते, दोन माणसे पाणी ओतत होती आणि वाफ भरली होती. वाफ विरेपर्यंत मी उभी राहिले.

"आबा, हात हलला होता."

त्यांनी हातोडा खाली ठेवला नाही. "किती?"

"अर्धा इंच. वर."

"बरोबर," ते म्हणाले. "जखम बघितली तेव्हाच समजलं होतं. हात जागेवर असता तर पातं आडवं घसरलं असतं, सरळ शिरलं नसतं."

"मग तुम्ही..."

"विचारायचं ते धरणारीला. मी विचारलं. तू नाही म्हणालीस." हे ते रागाने बोलले नाहीत, चाकाचे माप सांगावे तसे बोलले. यमुनाने स्वतःविषयी जे सांगितले होते तेही मी सांगितले, कारण ते सांगण्याचे तिने ठरवले होते आणि तिला ते सांगता आले नव्हते. त्यांनी धाव नीट बसली का ते बोटांनी चाचपले. "दोघींनाही काढलं असतं मी," ते म्हणाले. "वर्षभरासाठी. मग दोघींनाही परत घेतलं असतं."

मला वाटते, त्या संबंध काळात माझ्या वाट्याला आलेली ही सर्वांत मोठी शिक्षा, आणि ती त्यांनी शिक्षा म्हणून दिली नव्हती. एक वर्ष. सगळा हिशेब एका वर्षात मिटणारा होता.

मग ते आखाड्यात जाऊन मारुतीपुढचा पट्टा घेऊन आले. तेवीस महिन्यांत तो कोणी फिरवला नव्हता, तरी पात्यावर तेल होते. "गेलेल्या माणसाला पट्टा देता येत नाही," ते म्हणाले. "तिच्या घरात फिरवणारं कोणी असेल तर दे. नसेल तर परत आण."

बाराव्यानंतर मी तो घेऊन बेलपाड्याला गेले. नामदेव कामावर होता. घरी त्याची बायको हिरा होती. वयाने माझ्याएवढीच, शाळेत कधी न गेलेली, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. तिला मी ओळखत नव्हते, ती मला ओळखत होती. माझ्या डाव्या हाताकडे बघून तिने मला ओळखले. तिने पाणी दिले नाही. मी पट्टा पुढे केला आणि आबांचा निरोप सांगितला. तिने मुलगी सासूकडे दिली, पट्टा घेतला आणि बांधाच्या रुंद भागावर जाऊन उभी राहिली.

"कामटीनं शिकवलंन मना," ती पाठमोरीच म्हणाली. "दोन वरसां. रोज मीठ ओढून झालं का."

तिने मुठीत हात घातला. पहिले तीन-चार फेरे वेडेवाकडे गेले, लोखंडाचे वजन तिला नवे होते. मग तिने मनगट सैल सोडले. मी ते बघितले आणि मला जे वाटले ते दुःख नव्हते. ते मी ओळखते, चार वर्षे मी त्याच्याबरोबर राहिले आहे. गेलेल्या माणसाच्या घरी, बारावे झाल्यावर, एका लेकुरवाळीच्या मनगटाचा मला मत्सर वाटत होता, आणि वडिलांचे घड्याळ माझ्या हातात कधी आले ते मला कळलेही नाही.

"थांब," मी म्हटले. "मी म्हणेन तेव्हा सुरू कर. मी म्हणेपर्यंत थांबायचं नाही."

तिने मान हलवली. मी मोजू लागले. साठ झाले तेव्हा पंधरा सेकंद उरले होते. चौऱ्याहत्तर झाले तेव्हा चार. तिच्याकडे घड्याळ नव्हते आणि तिला सेकंद वाचता येत नव्हते. मी तेव्हाच "बास" म्हटले असते तर तो आकडा माझ्याच एवढा राहिला असता, आणि ते जगात कोणालाही कळले नसते. बास हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. काटा साठावर येईपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला.

"बास."

पाते बांधाच्या मातीवर टेकवून ती धापा टाकत वळली. "किती झालं?"

मी तिला सांगितले, आणि तिच्यासमोर वहीत लिहिले. हिरा, बेलपाडा, पहिला प्रयत्न, एक मिनिट: एकोणऐंशी.